पुण्यातला पूर: नवीन गावांत ओढे अजून शिल्लक आहेत तोवर नक्की काय मागून घ्यायचं?

वाघोलीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वाघोलीत फ्लॅट घेतला तेव्हा इथे ग्रामपंचायत होती, 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत गेली त्यात आमचंही गेलं. पाऊस जोरात झाला की नगर रोडचं काय होतं ते तुम्ही व्हिडिओत बघत असालच. आता आसपासच्या काही सोसायट्या मिळून एक निवेदन द्यायचं चाललंय आणि ग्रुपवर सगळ्यांचं एकच म्हणणं, मोठ्या व्यासाची पावसाळी लाईन टाका. मला ते काही पटत नाहीये. कारण आमच्या मागे एक ओढा आहे, म्हणजे होता म्हणा, शेजारच्या प्लॉटवर राडारोडा आणून टाकला, भराव केला, ओढ्यात दोन ह्यूम पाईप (सिमेंटचे गोल पाईप) घातले आणि वरून रस्ता काढला. आता पाऊस झाला की पाईप फुल होतात आणि पाणी भरावाला वळसा घालून सरळ आमच्या पार्किंगमध्ये. दुचाकींची सीट भिजेपर्यंत पाणी असतं. आणि त्याच पाईपांच्या खाली थोडं चालत गेलं की ओढा अजून मस्त रुंद आहे, बाभळी आहेत, म्हशी बसलेल्या असतात. तिथे बांधकाम नाही पण प्रोजेक्टची पाटी लागलीये.

म्हणजे जुन्या पुण्यात जे व्हायचं ते होऊन गेलं, पण इकडे अजून थोडं हातात आहे असं वाटतं. तर प्लॅनिंग म्हणून नेमकं काय मागायचं? आणि दुसरा प्रश्न, नदीकाठ सुधार प्रकल्पाने पूर कमी होणार का वाढणार? दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे बोलतात, मला कळेनासं झालंय. कुठल्या पक्षाचं काय चुकलं त्यावर भरपूर धागे आहेत, ते इथे नको प्लीज.

---

निवृत्त_सिव्हिल

चांगला धागा. जरा लांबण लावतो.

मोठ्या पाईपाचं आधी सांगतो. पाणी किती येणार याचा आमचा साधा हिशेब असतो, तीन गोष्टींचा गुणाकार: पाऊस किती जोरात पडतोय, क्षेत्र किती, आणि पडलेल्यातलं किती वाहून येतं. पाऊस आपल्या हातात नाही, क्षेत्रही तेवढंच, तिसरा आकडा मात्र आपण बदलतो. गवताळ माळ असेल तर साधारण 0.3 धरायचा, सगळं छत, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक झालं की 0.85 च्या आसपास. आता 10 हेक्टरचा माळ घ्या, तासाला 100 मिमीच्या वेगाने पाऊस घ्या (पुण्यात असा पाऊस तासभर टिकत नाही, पण पंधरावीस मिनिटं त्या वेगाने पडतो आणि घोळ तेवढ्यातच होतो). माळ असताना ओढ्याला सेकंदाला 0.83 घनमीटर पाणी यायचं, टाऊनशिप झाल्यावर 2.36. ओढा तोच आणि पाणी पावणेतीन पट. वर आपण तोच ओढा दोन पाईपात कोंबतो! कुठलाही पाईप असो, तो बिचारा काय करणार?

बरं, समजा तुम्ही भांडून मोठा पाईप घेतलात, तर तुमचं पाणी खालच्या सोसायटीत लवकर पोचेल, बस्स. ते मग आणखी मोठा मागतील. सगळ्यांचं पाणी एकाच वेळी खाली गेलं की ओढ्याचा फुगवटा वाढतो. त्यामुळे निवेदनात पहिलं वाक्य "पाणी लवकर काढा" असं न घालता "पाणी वरच्या अंगाला थांबवा आणि ओढ्याला जागा ठेवा" असं घाला. ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकठीण, कारण पाईपाचं टेंडर निघतं, मोकळ्या जागेचं निघत नाही.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवत असेल सगळ्यांना. कात्रजकडून आंबिल ओढ्याला लोंढा आला, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, भिंती पडल्या, गाड्या एकावर एक चढल्या, शहर आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं गेली. आणि तेव्हा मुठेला काही पूर नव्हता हे लक्षात घ्या. नदी शांत, ओढा पिसाळलेला. पुणेकरांच्या डोक्यात पूर म्हटलं की 12 जुलै 1961 चं पानशेत बसलंय, त्यामुळे सगळे धरणाकडे बघत बसतात आणि मागच्या दारातला ओढा कोणी बघत नाही. वरच्या टेकड्यांचे उतार कापले, मधल्या मोऱ्या अरुंद, काठावर सीमाभिंती. भिंतीमुळे पाणी अडतं, मग भिंत फुटते आणि साठलेलं सगळं एकदम सुटतं. नुसता पूर आला असता त्याच्यापेक्षा हे वाईट. त्यानंतर मोऱ्या मोठ्या केल्या, भिंती परत बांधल्या. मोऱ्या ठीक. भिंतींबद्दल मला शंकाच आहे.

तुमच्याकडे करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ओढा कागदावर आणणे. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा, त्यात ओढे दाखवलेले असतात. मग त्या गटांचे सातबारे काढून पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) बघा, वर्ग ब मध्ये ओढा-नाल्याखालचं क्षेत्र असतं. किती आर लिहिलंय ते बघा आणि आज जागेवर टेप धरून बघा. फरक दिसला की निवेदन कसं लिहायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

---

खवचट_खान्देशी

नालेसफाई दरवर्षी मे मध्ये 100 टक्के पूर्ण होते की, तुम्हाला पेपर वाचायची सवय नाही वाटतं 😀

---

मुठाकाठी

निवृत्त काका, ओढ्यांचं सगळं बरोबर, पण "सगळे धरणाकडे बघतात" हे आम्हाला नका सांगू. आम्ही सिंहगड रोडला नदीकडच्या बाजूला राहतो. 25 जुलै 2024 ला पहाटे उठलो तेव्हा खालचे दोन जिने पाण्यात होते. खडकवासल्यातून विसर्ग 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास होता, एकतानगरी आणि आसपासच्या भागात नावा आणून लोकांना बाहेर काढलं. विसर्ग रात्रीत वाढत गेला पण आमच्या बिल्डिंगपर्यंत निरोप पोचलाच नाही, वॉचमनने जिन्यात पाणी बघितलं तेव्हा कळलं. तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून वर नेलं. आणि मीटररूम! सगळ्या बिल्डिंगचे मीटर पार्किंगच्या लेव्हलला, पाणी तिथपर्यंत आलं की लाईट बंद, पंप बंद, लिफ्ट बंद, मग पुढचे दिवस वरच्या मजल्यांनाही पाणी नाही. नवीन परवानगी देताना नदीकाठी मीटर आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर घ्या एवढी एक अट घातली तरी किती त्रास वाचेल, याला ना टेंडर लागतं ना जागा.

निळी रेषा लाल रेषा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी. मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेकला धरलीये आणि लाल 1 लाखाला. आता मला सांगा, 35 हजाराला आमच्या घरात पाणी येतं तर 60 हजाराला काय होईल? म्हणजे एकतर नदीची जागा कमी झालीये, भराव, राडारोडा, पूल, सगळं मिळून, नाहीतर रेषा चुकलीये. दोन्हीपैकी काहीही असलं तरी परत मोजायला हवं ना. आणि रेषा कागदावर आखून काय उपयोग, घर घेताना कुणी दाखवत नाही. आता आमची बिल्डिंग जुनी झाली, निळ्या रेषेत म्हणून रिडेव्हलपमेंट होत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. दरवर्षी जुलैत कागदपत्रं पिशवीत भरून ठेवायची.

---

पाणीवाला

@मुठाकाठी ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे, फक्त धरणाचा हिशेब मांडतो, कारण "आधीच का नाही सोडलं" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर अर्धंच मिळतं.

खडकवासला साखळीत चार धरणं. वरसगाव 12.82 टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि सगळ्यात खाली खडकवासला फक्त 1.97. म्हणजे शहराच्या डोक्यावर जे आहे तेच सगळ्यात छोटं. 35 हजार क्युसेक म्हणजे तासाला 0.126 टीएमसी. खडकवासला पूर्ण कोरडं ठेवलं असतं तरी त्या वेगाने साधारण साडेपंधरा तासांत भरलं असतं. अर्धं रिकामं ठेवलं तर पावणेआठ तास मिळाले असते. पूर काही टळत नाही, पण आठ तास म्हणजे काय? मध्यरात्रीचा विसर्ग सकाळी उजेडात. माणसं, गाड्या, मीटर सगळं हलवता येतं. त्यामुळे माझ्या मते मागणी अशी हवी की जुलैमध्ये खडकवासल्यात अमुक जागा रिकामी ठेवायचीच, आणि वरच्या पावसाच्या अंदाजावर टप्प्याटप्प्याने आधीपासून सोडायचं. उलट बाजू अशी की पाऊस रुसला तर उन्हाळ्यात पाणीकपात, आणि तेव्हा शिव्या घालणारेही आपणच. पण पानशेत-वरसगाव वर असताना खडकवासल्यातला एक टीएमसी जुलैत मोकळा ठेवणं एवढं जोखमीचं नाही.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, धरणाच्या खाली पडलेला पाऊस. सिंहगडाच्या बाजूचे, धायरी, नऱ्हे, वडगाव, कोथरूड, वारजे सगळीकडचे ओढे मुठेलाच येतात. नदी आधीच चढलेली असली की ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, मागे फुगतं. म्हणजे काकांचा ओढा आणि ताईंची नदी वेगळे प्रश्न नाहीत, ज्या रात्री दोन्ही एकत्र येतात त्या रात्री वाट लागते.

---

लायझनिंग_बाबा

मी बिल्डर नाही पण बिल्डरांच्या फायली फिरवतो, त्यामुळे शिव्यांची सवय आहे, बिनधास्त द्या.

सगळे म्हणतायत ओढ्याला जागा सोडा. कोणाची जागा? वाघोलीत किंवा पिसोळीत ज्याची 15 गुंठे जमीन आहे आणि मधून ओढा जातो, त्याला दोन्ही बाजूला बफर, म्हणजे मोकळा पट्टा, सोडायला लावला तर त्याच्याकडे उरतं काय. मग तो गुंठ्या-दोन गुंठ्याने विकतो, घेणाऱ्याला नकाशा माहीत नसतो, तो ओढ्यात पाया काढतो आणि दहा वर्षांनी गुंठेवारी नियमित करा म्हणून मोर्चा. माझ्या बघण्यात मोठ्या स्कीमपेक्षा ओढ्याची जास्त वाट या तुकड्यांनी लावलीये, कारण मोठ्या स्कीमला निदान नकाशा तरी मंजूर करून घ्यावा लागतो. नाला वळवायलाही परवानगी लागते, क्रॉस सेक्शन (आडवा छेद) तेवढाच ठेवायचा असतो. कागदावर ठेवतातही. जागेवर काटकोनात वळवतात आणि पाणी काही काटकोनात वळत नाही, ते सरळ भिंत घेऊन जातं, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

त्यामुळे नुसती बंदी नको, मोबदला हवा. टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्या, पण असा द्या की विकला जाईल. बीडीपीचं (जैवविविधता उद्यान) काय झालं बघा. 1997 ला आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर 978 हेक्टरचं बीडीपी आरक्षण, त्याला मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, कोण देणार जमीन तेवढ्यात? जमीनमालक कोर्टात, टेकडी तशीच, आणि रात्रीतून उतार कापून पत्र्याचे शेड. टेकडी वाचली नाही तर खालचा ओढा वाचवून काय करणार.

खरा उपाय माझ्या मते टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. सगळ्यांच्या जमिनी एकत्र, त्यातून रस्ते, बागा, ओढ्याचा पट्टा आधी काढून घ्यायचा आणि उरलेली प्रत्येकाला नीट चौकोनी प्लॉट करून परत द्यायची. ज्याच्या जमिनीतून ओढा जातो त्याचं एकट्याचं नुकसान होत नाही, सगळ्यांमध्ये वाटलं जातं. अहमदाबादने वर्षानुवर्षं हेच करून शहर वाढवलं. आपल्याकडे म्हाळुंगे-माणची स्कीम किती रखडली ते सगळ्यांनी बघितलंय, पण दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही. जमीन रिकामी आहे तोवरच हे जमतं, बिल्डिंगी उभ्या राहिल्या की संपलं.

---

आंबिल_ओढा

मोबदला मोबदला काय लावलंय. ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांचं काय? जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीवर जेसीबी आले, कोरोना चालू, भर पावसाळ्यात, शेवटी कोर्टाची स्थगिती आणावी लागली. ओढ्याच्या वरच्या अंगाला काठाला चिकटून बंगले आहेत, सोसायट्यांच्या भिंती आहेत, तिथे नोटीस जाते, वस्तीत जेसीबी येतो. ओढा मोकळा करा याला विरोध नाहीच, पूर आला की पहिलं पाणी आमच्याच घरात येतं. पण सुरुवात खालून आणि गरिबापासून का? पाणी वरून येतं तर अतिक्रमणंही वरून काढत या. आणि घर द्यायचं तर त्याच पेठेत द्या. धुणीभांड्याची चार घरं इथे आणि खोली हडपसरच्या पुढे, असं केलं की माणूस परत येऊन ओढ्याकाठीच राहतो.

---

निवृत्त_सिव्हिल

@आंबिल_ओढा, शंभर टक्के सहमत. वरून खाली हा क्रम इंजिनिअरिंगच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

@लायझनिंग_बाबा, टीपीबद्दल सहमत, पण एक अट घाला. ओढ्याचा पट्टा हा स्कीमच्या दहा टक्के ओपन स्पेसमध्ये मोजायचा नाही. नाहीतर बाग आणि ओढा एकच दाखवतात, मग त्यात जॉगिंग ट्रॅक, त्याला कंपाऊंड, आणि ओढ्यावर स्लॅब टाकून वर घसरगुंडी. कोथरूडकडे नाल्यावर बागा केल्यात त्या वरून छान दिसतात, खाली मोरीत काय अडकलंय ते बघायला माणूस उतरत नाही.

---

बंगळूरस्थित_सातारकर

इथे बंगळूरहून अनुभव. सप्टेंबर 2022 मध्ये आऊटर रिंग रोड बुडाला, आयटीवाले ट्रॅक्टरमधून ऑफिसला जाताना तुम्ही टीव्हीवर बघितले असतील. इथली जुनी रचना फार हुशारीची, एका तलावाचं जास्तीचं पाणी राजकालुवेमधून (मोठे नाले) खालच्या तलावात, तिथून पुढच्या, अशी साखळी. प्रत्येक तलाव थोडं पाणी धरून ठेवायचा. मधले तलाव गेले, राजकालुवे अरुंद झाले, साखळी तुटली. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) 2016 मध्ये तलावांभोवती 75 मीटर बफर सांगितला होता, तो सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये रद्द केला. तात्पर्य असं की कोर्टाच्या एका आदेशावर विसंबून राहू नका, डीपीच्या (विकास आराखडा) नकाशातच पट्टा रंगवून घ्या, हरकती-सूचनांच्या मुदतीत. नंतर भांडून मिळत नाही, निदान इथे तरी नाही मिळालं.

पुण्यात कात्रजचे, पाषाणचा, जांभूळवाडीचा असे तलाव आहेतच की. गाळ काढून पावसाळ्याच्या आधी पातळी खाली ठेवली तर तेच काम करतील.

---

नागपुरी_संत्रं

तलावांबद्दल आमच्याकडचं सांगतो. 23 सप्टेंबर 2023, मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात. ओव्हरफ्लोच्या तोंडासमोरच पुतळा आणि त्याचं बांधकाम, ते प्रकरण हायकोर्टात गेलं. तलाव पूर थांबवतो हे खरं, पण त्याचा सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट) मोकळा असला तरच, नाहीतर तलावच पूर आणतो भाऊ. सेल्फी पॉइंट करायला सगळ्यांना नेमका सांडवाच सापडतो.

---

वाघोलीचा_पाहुणा

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काका, गाव नकाशाचा अर्ज करतो. बाबा, तुमच्या पोस्टवर आमच्या ग्रुपवर जोरदार भांडण झालं कारण आमच्यातल्या एकांची स्वतःची पिढीजात जमीन ओढ्याला लागून आहे आणि त्यांनी अगदी हेच सांगितलं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, आमची सोसायटी आधीच बांधलेली, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, खाली काळा पाषाण, बोअर मारला तेव्हा थोडा मुरूम आणि मग खडकच लागला. मग ते स्पंज सिटी (पावसाचं पाणी शोषून घेणारं शहर) वगैरे जे म्हणतात ते आपल्याकडे जमणार का? दोन, नदीकाठ प्रकल्पाबद्दल कोणीच बोललं नाही 🙂

---

पाणीवाला

स्पंजचं आधी. चीनने हा शब्द फार गाजवला, पण झेंगझोऊ शहराने त्यावर प्रचंड खर्च करूनही जुलै 2021 मध्ये एका तासात 201.9 मिमी पाऊस झाला तेव्हा मेट्रोच्या बोगद्यात माणसं बुडून मेली. म्हणजे उपाय वाईट नाही, पण त्याची मर्यादा असते. आपल्याकडे तर खाली बेसॉल्ट, वर जेमतेम माती-मुरूम. पुण्यात जोराच्या पावसाचं पाणी जमिनीत मुरवून पूर थांबेल ही आशा सोडा. मुरवणं उन्हाळ्याच्या टंचाईसाठी करा. पुरासाठी पाणी *थोपवायचं*, जिरलं नाही तरी चालेल.

सोसायटीचा हिशेब बघा. एक एकर म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटर, 50 मिमी पाऊस म्हणजे 200 घनमीटर, 2 लाख लिटर. तुम्ही वाघोलीकर म्हणजे हे तुम्हाला टँकरमध्ये सांगितलं की लगेच कळेल, 10 हजार लिटरचे 20 टँकर. ते आत्ता अर्ध्या-पाऊण तासात गेटबाहेर जातं. निदान गच्चीचं पाणी एका टाकीत घ्या आणि टाकीच्या तळाला छोटं भोक ठेवा, म्हणजे ते तीनचार तासांत सावकाश बाहेर जाईल. टाकी पावसाच्या आधी रिकामी हवी, हे महत्त्वाचं. लोक रेनवॉटर हार्वेस्टिंगची टाकी भरून ठेवतात, भरलेली टाकी पुराच्या काय कामाची? त्यामुळे दोन टाक्या, किंवा एका टाकीत खालचा भाग वापराचा आणि वरचा रिकामा. नियमात 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला रेनवॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहेच आणि पुण्यात त्याबद्दल मिळकतकरात सूटही मिळते, पण थोपवण्याचं बंधन वेगळं घालायला हवं. निवेदनात हे नक्की लिहा: नवीन बांधकामाने पूर्वी माळ असताना जेवढं पाणी बाहेर जायचं त्याच वेगाने सोडावं, जास्त नाही. बिल्डरने टाकी बांधावी, जागा पार्किंगखाली भरपूर असते.

मुंबईत हिंदमाताला शेवटी हेच केलं, परळ आणि दादरला मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या, भरतीच्या वेळी पाणी तिथे थांबवायचं. तिथे जमीन सोन्याच्या भावाची असून केलं. तुमच्या वाघोलीच्या आसपास तर दगडाच्या खाणी आहेत! बंद पडलेल्या खाणी भराव टाकून बुजवू देऊ नका, ओढ्याचं जास्तीचं पाणी तिकडे वळवायची सोय केली तर आयता साठवण तलाव आहे. कुंपण मात्र भक्कम हवं, पोरं पोहायला जातात.

---

मुठाकाठी

नदीकाठ प्रकल्पाचं मी सांगते, माझं मत धरा. 44 किलोमीटर, चार हजार सातशे कोटींच्या वरचा खर्च. पालिकेचं म्हणणं असं की काठ नीट केले, अडथळे काढले की पुराची पातळी कमी होईल. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की दोन्हीकडून भराव आणि बांध घालून नदीची रुंदी चोरली जातेय, संगमाला मुळा आणि मुठा एकदम भरून आल्या तर पाणी जाणार कुठे. मी इंजिनिअर नाही. मला एवढंच दिसतं की भराव पडला तो सगळा नदीच्या पात्रात पडला, कुठेही नदी रुंद झालेली मला तरी दिसली नाही. नदीपात्रातला विठ्ठलवाडीचा रस्ता एनजीटीने काढायला लावला होता, मेट्रोचे खांब पात्रात आले, प्रत्येक वेळी "थोडासाच फरक पडेल" असं सांगतात. सगळे थोडेसे मिळून किती झाले ते कोणी मोजलंय का?

---

निवृत्त_सिव्हिल

ताईंचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक प्रकल्प स्वतःचा परिणाम स्वतंत्र दाखवतो, काही सेंटिमीटर वगैरे. सगळे पूल, खांब, बांध, भराव एकत्र धरून, धरणाचा विसर्ग आणि खालच्या ओढ्यांचं पाणी एकाच वेळी आलंय असं धरून पातळी काढा आणि लोकांसमोर ठेवा, ही मागणी कुठल्याच बाजूला नाकारता येऊ नये. माझं वैयक्तिक मत प्रकल्पाच्या विरोधात झुकतं. नदीकाठी बाग हवी तर ती पाण्याखाली जाऊ शकेल अशी, सखल, भिंतीशिवाय. दोन दिवस चिखल होईल, मग धुवायची.

पाहुणे, निवेदन दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका, साहेब वाचत नाहीत. ओढ्याची मोजणी आणि हद्दीचे दगड, डीपीत ओढ्याचा पट्टा ओपन स्पेसच्या बाहेर, तुमच्या मागचे ते दोन ह्यूम पाईप काढून तिथे ओढ्याच्या पूर्ण रुंदीची बॉक्स (चौकोनी) मोरी, नवीन बांधकामाला थोपवणीची टाकी, खाणी बुजवायला बंदी. एवढंच. आणि पाईपवाली मागणी ग्रुपवाल्यांच्या समाधानासाठी शेवटी टाका, काढली तर निम्मे सही करणार नाहीत.

---

लायझनिंग_बाबा

मोरीच्या मुद्द्याला एक पुरवणी. ते पाईप कोणी टाकले, परवानगी होती का, हे माहिती अधिकारात विचारा, पण अर्जात आरोप करू नका, फक्त "सदर ठिकाणच्या कामाचा मंजूर नकाशा व आदेशाची प्रत मिळावी" एवढंच. प्रत नसेल तर तसं उत्तर येतं आणि ते उत्तर जास्त कामाचं असतं. आणि ज्यांची जमीन ओढ्याला लागून आहे त्या तुमच्या सभासदांना सहीत पहिले घ्या. शेतकरी निवेदनावर असला की फाईल जरा वेगळी बघतात.

---

वाघोलीचा_पाहुणा

हे भारी सुचवलंत बाबा. त्यांच्याशी आजच बोलतो, ते म्हणाले होते टीपी झाली तर ते जमीन द्यायला तयार आहेत पण प्लॉट रस्त्याला लागून हवा. गाव नकाशा हातात आला की इथे टाकतो, जुनं मोडी-बिडी काही असलं तर वाचायला कोणी आहे का?

---

निवृत्त_सिव्हिल

टाका, बघू. गट नंबर दिसू देत, मालकांची नावं मात्र झाका. आणि मोजणीचा अर्ज पावसाळ्याच्या आधी करा, तारीख मिळायला वेळ लागतो आणि ओढ्यात पाणी असताना मोजणीवाले खाली उतरत नाहीत. लगतच्या खातेदारांनाही नोटीस जाते, तेव्हा शेजारचा प्लॉटवाला त्या दिवशी हजर असणार हे धरून चला, तुमचेही चारपाच जण असू द्या.